फॅटी लिव्हर आणि डायबेटिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफी होते कशासाठी तरी भलत्याच कारणासाठी, आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं "ग्रेड १ फॅटी लिव्हर". शुगरचा रिपोर्ट असतो दुसऱ्याच फाइलमध्ये. दोन्ही फाइली एकत्र ठेवून बघायला हव्यात हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही, म्हणून हे पान. औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचं, हे एकदाच सांगून ठेवते, प्रत्येक उत्तराखाली परत लिहीत बसत नाही.

फॅटी लिव्हर म्हणजे नक्की काय? थोडी चरबी तर लिव्हरमध्ये असतेच ना?

असते, अगदी थोडी. लिव्हरच्या पेशींपैकी ५ टक्क्यांपेक्षा जास्त पेशींमध्ये चरबीचे थेंब दिसायला लागले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ही चरबी लिव्हरला बाहेरून चिकटलेली नसते, पेशीच्या आत असते, आणि ती मुख्यतः ट्रायग्लिसराइड असते, म्हणजे तुमच्या लिपिड प्रोफाइलमध्ये जे लिहून येतं तेच.

नुसती चरबी असेल तर बऱ्याच जणांच्या लिव्हरला पुढे फार काही होत नाही. पण काहींमध्ये पेशींना सूज येते, पेशी मरायला लागतात, आणि शरीर तिथे डागडुजी करताना कडक तंतू सोडत जातं. त्याला फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या एफ० ते एफ४ अशा पायऱ्या आहेत आणि एफ४ म्हणजे सिरॉसिस, म्हणजे लिव्हर अशा तंतूंनी भरून कडक होणं. हे सगळं व्हायला सहसा वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर दुखत खुपत काहीच नाही. लिव्हरच्या आतल्या भागाला वेदनाच कळत नाही, कळते ती फक्त वरच्या आवरणाला, त्यामुळे "मला काही त्रास नाही" याला इथे काडीचाही अर्थ नाही.

एका रिपोर्टवर एनएएफएलडी लिहिलंय, दुसऱ्यावर एमएएसएलडी. दोन आजार झालेत का?

नाही, एकच. एनएएफएलडी हे फॅटी लिव्हरच्या आजाराचं जुनं नाव, एमएएसएलडी हे नवं, २०२३ मध्ये बदललेलं. चरबीसोबत सूजही असेल तर त्या प्रकाराला नॅश म्हणायचे, त्याचं मॅश झालं. फरक एवढाच की आधीचं नाव "दारूमुळे नाही ते" असं होतं, आणि आता निदान करायला चरबीसोबत पाचपैकी किमान एक गोष्ट असावी लागते: वजन किंवा कंबर जास्त, शुगर वाढलेली किंवा डायबेटिस, बीपी १३०/८५ किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी (पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली). यातली एखादी गोष्ट आधीच औषधावर असेल तरी ती धरायची. थोडक्यात डायबेटिस आता या आजाराच्या व्याख्येतच जाऊन बसलाय.

मग दोघांचा संबंध नक्की काय? आधी कोण येतं?

दोन्ही बाजूंनी आहे. कधी चरबी आधी, कधी शुगर आधी, आणि एकदा दोघं भेटले की एकमेकांना वाढवत राहतात. जरा सविस्तर सांगते कारण हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

लिव्हर हे साखरेचं गोदाम आहे. जेवल्यावर आलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात ठेवायची, साधारण १०० ग्रॅम मावते, आणि पोट रिकामं असताना ती थोडी थोडी रक्तात सोडायची. शिवाय गरज पडली तर नवीन साखर तयार पण करायची. या सगळ्यावर हुकूम चालतो इन्सुलिनचा. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं आणि लिव्हरला दोन गोष्टी सांगतं, एक म्हणजे साखर सोडणं थांबव, दुसरी म्हणजे जास्तीच्या साखरेची चरबी करून ठेव.

आता लिव्हरमध्ये चरबी साठली की लिव्हर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. गंमत म्हणा की दुर्दैव, पण ते अर्धवटच दाद देईनासं होतं. साखर थांबवायचा हुकूम ऐकत नाही आणि चरबी बनवायचा मात्र इमानेइतबारे पाळतं. साखर रक्तात येतच राहते, ती खाली आणायला स्वादुपिंड, म्हणजे पॅन्क्रिआज, आणखी इन्सुलिन ओततं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनने लिव्हरमध्ये आणखी चरबी बनते. बसलं चक्र फिरत.

त्यात तिसरा भिडू म्हणजे पोटाची चरबी. इन्सुलिन चांगलं चालत असेल तर तिथली चरबी तिथेच राहते. चालत नसेल तर ती वितळून फॅटी ॲसिडच्या रूपात रक्तात येते आणि लिव्हरकडे जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या लिव्हरमधली चरबी आली कुठून ते मोजलं होतं. सुमारे ५९ टक्के शरीरातल्या साठ्यातून सुटलेल्या फॅटी ॲसिडमधून, २६ टक्के लिव्हरने स्वतः साखरेपासून वगैरे बनवलेली, आणि खाण्यातल्या तेलतुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. "तेल बंद केलंय तरी चरबी कशी" असं जे विचारतात त्यांनी हा शेवटचा आकडा परत वाचावा.

लिव्हर ही चरबी स्वतःकडेच ठेवत नाही, व्हीएलडीएल नावाच्या कणांमध्ये भरून बाहेर पाठवतं. म्हणून ट्रायग्लिसराइड वाढतात. ती चरबी पुढे स्वादुपिंडात पण साठते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकत जातात. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे प्रोफेसर रॉय टेलर यांनी २००८ मध्ये हे दोन चक्रांचं म्हणणं मांडलं, एक लिव्हरमधलं, एक स्वादुपिंडातलं, आणि दोन्ही एकमेकांना ढकलणारी. त्यावर त्यांनी पुढे काय केलं ते खाली येईलच.

रात्री काहीच खाल्लं नाही तरी सकाळची शुगर जास्त. मीटर खराब आहे का?

मीटर ठीक असेल, ही साखर लिव्हरची आहे. हिशोब बघा. शुगर १०० असताना अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साधारण ५ ग्रॅमच साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि रात्रभर उपाशी असताना ७० किलोच्या माणसाचं निरोगी लिव्हर तासाला सुमारे ८ ग्रॅम साखर रक्तात सोडत असतं, जी मेंदू आणि बाकीचे अवयव वापरून टाकतात. आता हे सोडणं जरासं जरी जास्त झालं तर सकाळपर्यंत आकडा किती चढेल? म्हणून फॅटी लिव्हरवाल्यांची बरेचदा आधी उपाशीपोटीची शुगर बिघडते. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात, त्यांची भर वेगळीच. रात्रीचं जेवण आणखी कमी करून, किंवा उपाशी झोपून हा आकडा सुधारेलच असं नाही, लिव्हरमधली चरबी कमी झाली की सुधारतो. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी मुख्यतः इथेच काम करते, लिव्हरचं साखर सोडणं कमी करते.

डायबेटिसवाल्यांपैकी कितीजणांना फॅटी लिव्हर असतं?

टाइप २ मध्ये अर्ध्याहून जास्त जणांना. वेगवेगळे अभ्यास एकत्र केले तर आकडा ५५ ते ६५ टक्क्यांच्या आसपास येतो. जगभरातल्या एकूण मोठ्या माणसांत तो साधारण ३० टक्के आहे. आणि नुसती संख्या जास्त असं नाही, डायबेटिस असेल तर फायब्रोसिसकडे जायचा वेगही जास्त असतो, लिव्हर कॅन्सरचा धोकाही वाढतो. त्यामुळे डोळे, किडनी, पाय यांची दरवर्षी तपासणी करतात त्या यादीत लिव्हर घालायलाच हवं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं तसं सांगणं आहेच, टाइप २ आणि प्रीडायबेटिस असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांचा फिब-४, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, काढा म्हणून. तो कसा काढायचा ते पुढे आहे.

मला फॅटी लिव्हर आहे पण शुगर नॉर्मल आहे. डायबेटिस होणारच का?

होणारच असं नाही, पण धोका फॅटी लिव्हर नसलेल्या माणसाच्या साधारण दुप्पट. फायब्रोसिस असेल तर त्याहून जास्त. याकडे मी तरी वॉर्निंग म्हणून बघते आणि ती वेळेवर मिळाली याचं बरं वाटायला हवं, कारण चक्र इथे थांबवणं पुढच्यापेक्षा खूप सोपं आहे. वर्षातून एकदा उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी टेस्ट) करा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये आला तर तो प्रीडायबेटिस, ६.५ किंवा वर गेला तर डायबेटिस.

मी तर बारीक आहे, मला कसं झालं?

होतं. वजनकाट्याला चरबी किती ते कळत नाही आणि कुठे आहे ते तर अजिबातच नाही. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं बीएमआयमध्ये बसतात पण आतली चरबी भरपूर असते. आशियाई वंशाच्या लोकांत हे जास्त दिसतं, म्हणूनच त्यांच्यासाठी जास्त वजनाची रेघ बीएमआय २५ ऐवजी २३ ला धरतात. काही भाग जनुकांचा पण आहे. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकातला एक बदल २००८ मध्ये सापडला, तो असेल तर बारीक माणसाच्या लिव्हरमध्येही चरबी साठायची शक्यता वाढते.

बारीक आहे म्हणून सौम्य आहे, असं मात्र समजू नका. बारीक लोकांतही फायब्रोसिस होतो. अशांना पूर्ण वजनाच्या ३ ते ५ टक्के कमी करूनही बराच फरक पडतो.

मी दारूला हातही लावत नाही. लोक उगाच संशय घेतात.

लोकांचं सोडा. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टर लुडविग यांनी दारू न पिणाऱ्यांच्या लिव्हरचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघितले तर ते दारूने खराब झालेल्या लिव्हरसारखेच दिसत होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं वजन जास्त होतं, काहींना डायबेटिस होता. नॅश हे नाव तेव्हाच पडलं. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीपासून माहीत असलेली गोष्ट आहे ही.

आणि जे पितात त्यांच्यासाठी: डायबेटिस, वजन आणि दारू यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. फायब्रोसिस सुरू झाला असेल तर "थोडीशी चालेल का" या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे.

ग्रेड १ आहे म्हणजे काळजी नाही ना? आणि ग्रेड ३ असेल तर?

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ या ग्रेडने घातलाय. सोनोग्राफीतला ग्रेड हा चरबी किती आहे त्याचा अंदाज आहे, तोही लिव्हर किडनीच्या मानाने किती पांढरं दिसतं यावरून डोळ्यांनी केलेला. एकाच माणसाला एका सेंटरवर ग्रेड १ आणि पंधरा दिवसांनी दुसरीकडे ग्रेड २ मिळू शकतो आणि लिव्हरमध्ये तेवढ्यात काहीही बदललेलं नसतं. चरबी २० टक्क्यांच्या आत असेल तर सोनोग्राफीत बरेचदा दिसतही नाही.

खरा मुद्दा पुढेच आहे. लिव्हरमुळे पुढे त्रास होणार का, हे ठरतं फायब्रोसिसवरून, आणि ग्रेड फायब्रोसिसबद्दल एक अक्षर बोलत नाही. ग्रेड ३ वाल्याचा फायब्रोसिस शून्य असू शकतो. ग्रेड १ वाल्याचा एफ३ असू शकतो. उलट आजार खूप पुढे गेला की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, म्हणजे रिपोर्टवर "सुधारणा" आणि आत सिरॉसिस, असंही होतं. त्यामुळे "ग्रेड किती" हा प्रश्न विचारून घरी येऊ नका, "फायब्रोसिस किती" हे विचारा. घाबरलेल्या ग्रेड ३ वाल्यांना आणि निवांत बसलेल्या ग्रेड १ वाल्यांना, दोघांनाही हाच प्रश्न लागू.

एसजीपीटी नॉर्मल आहे, मग लिव्हर ठीकच असेल की?

नसेलही. एसजीपीटी, ज्याला एएलटी पण म्हणतात, ते पेशी फुटल्या की रक्तात येतं. फॅटी लिव्हर असलेल्या अनेकांचं ते नॉर्मल येतं, फायब्रोसिस वाढलेल्यांचंही येऊ शकतं. शिवाय लॅबच्या कागदावर नॉर्मलची वरची मर्यादा ४० किंवा त्याहून जास्त छापलेली असते, पण निरोगी माणसात ती पुरुषांसाठी ३३ आणि बायकांसाठी २५ च्या आत धरावी असं अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. म्हणजे ३८ आलं की कागदावर बाण दिसणार नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

फिब-४ म्हणजे काय आणि तो घरी काढता येतो का?

येतो, कॅल्क्युलेटर हवा फक्त. चार गोष्टी लागतात: वय, एएसटी म्हणजे एसजीओटी, एएलटी म्हणजे एसजीपीटी, आणि प्लेटलेट. वेगळी टेस्ट करायची गरज नाही, हे बहुतेकांच्या जुन्या रिपोर्टमध्ये असतंच पडलेलं.

वय गुणिले एएसटी करायचं. प्लेटलेट हजारात घेऊन त्याला एएलटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. समजा वय ५२, एएसटी ४८, एएलटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. ६४ चं वर्गमूळ ८, १८० गुणिले ८ म्हणजे १४४०. भागाकार १.७३.

१.३ च्या खाली असेल तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायचं. मधे आला, जसा आपल्या उदाहरणात आलाय, तर पुढची टेस्ट म्हणजे फायब्रोस्कॅन. यात वय थेट गुणलं जातं हे लक्षात ठेवा, वरचेच आकडे ३८ वर्षांच्या माणसाचे असते तर उत्तर १.२७ आलं असतं. म्हणून ६५ च्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, आणि ३५ च्या आत हा आकडा फारसा भरवशाचा नाही. ताप किंवा डेंग्यूसारखा आजार नुकताच झाला असेल तर प्लेटलेट तात्पुरत्या पडलेल्या असतात, तेव्हा काढून उगाच धाबं दणाणून घेऊ नका.

फायब्रोस्कॅनमध्ये दुखतं का?

नाही. सोनोग्राफीसारखंच, उजव्या बरगड्यांमधे एक प्रोब ठेवतात आणि हलकी टिचकी मारल्यासारखं जाणवतं, पाचदहा मिनिटांत संपतं. आधी ३ तास काही खायचं नाही, जेवून गेलात तर आकडा वाढून येतो. रिपोर्टमध्ये दोन आकडे असतात. कॅप हा चरबीचा, आणि किलोपास्कल हा कडकपणाचा. बघायचा तो दुसरा. ८ च्या खाली असेल तर हुश्श म्हणायला हरकत नाही. बायोप्सी, म्हणजे सुईने लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणं, आता मोजक्याच लोकांना लागते, जिथे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत किंवा दुसऱ्या कुठल्या आजाराची शंका असते तिथे.

हे परत नॉर्मल होतं का?

चरबी तर होतेच, आणि बऱ्यापैकी लवकर. आपल्या वजनाच्या ५ टक्के उतरलं की चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांत सूज उतरायला लागते, आणि १० टक्के किंवा जास्त उतरलं तर फायब्रोसिस पण मागे जाऊ शकतो. २०१५ मध्ये क्यूबातल्या एका अभ्यासात लोकांना वर्षभर खाणं आणि चालणं यावर ठेवून आधी आणि नंतर बायोप्सी केली होती. १० टक्के वजन उतरवणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांचा नॅश गेला, ४५ टक्के लोकांचा फायब्रोसिस कमी झाला. पण एवढं वजन उतरवणारे होते किती? दहातला एक. इथेच सगळं घोडं अडतं, माहिती नसते म्हणून नाही.

महिन्यात १० किलो असले प्रकार नकोत. वजन फार वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होतात.

आणि डायबेटिस? तोही जातो?

काही जणांचा जातो, हे आता नीट सिद्ध झालंय. वर म्हटलेल्या न्यूकॅसलच्या टीमने २०११ मध्ये ११ डायबेटिसच्या लोकांना ८ आठवडे दिवसाला ६०० कॅलरीच्या आसपास ठेवलं. पहिल्या आठवड्यातच उपाशीपोटीची शुगर नॉर्मलला आली आणि लिव्हरमधली चरबी ३० टक्क्यांनी उतरली होती. स्वादुपिंड मात्र सावकाश, ८ आठवड्यांत सावरलं. म्हणजे वर सांगितलेली दोन्ही चक्रं उलटी फिरली, आणि पहिलं फिरलं ते लिव्हरचं.

मग डायरेक्ट नावाचा मोठा ट्रायल झाला, त्याचे निकाल २०१७ मध्ये आले. त्यात वर्षाअखेरीस ४६ टक्के लोक औषधाशिवाय डायबेटिसच्या रेघेखाली होते, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यातले ८६ टक्के. पण हे लोक डायबेटिस होऊन ६ वर्षांच्या आतले होते आणि इन्सुलिनवर नव्हते. वीस वर्षं जुना डायबेटिस असेल तर बीटा पेशी तेवढ्या उरलेल्या नसतात. आणि हे रेमिशन आहे, वजन परत चढलं की शुगर परत येते.

एक धोक्याची गोष्ट. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना एकदम खाणं कमी केलंत तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. एसजीएलटी२ गटातली गोळी (नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असतं ती) चालू असताना कार्ब एकदम बंद केलेत तर शुगर फार न वाढताही किटोॲसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे रक्तात ॲसिड साठून जिवावर बेतू शकतं. त्यामुळे असलं डाएट डॉक्टरांना सांगून, आधी डोस कमी करून.

खायचं काय? काय बंद करायचं?

एकच गोष्ट बंद करायची असेल तर गोड पेयं. सॉफ्ट ड्रिंक, पॅकेटचा ज्यूस, एनर्जी ड्रिंक, सगळं. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो बहुतांशी लिव्हरमध्येच जिरतो आणि त्याची चरबी फार सहज होते. पेयातून तो भसकन येतो, पोटही भरल्यासारखं वाटत नाही. अख्ख्या फळाची ही गोष्ट नाही, त्यात चोथा असतो आणि चावायला वेळ लागतो, ते बेतानं चालतं.

बाकी नावं कितीही असू देत, लो कार्ब, मेडिटरेनियन, उपवासाचे प्रकार, ज्याने एकूण खाणं कमी होतं आणि जे तुम्ही दोन वर्षांनीही करत असाल ते चांगलं. रिफाइंड पीठ आणि साखर कमी, भाज्या आणि डाळी जास्त, प्रोटीन पुरेसं, तुपालोण्याऐवजी बऱ्यापैकी द्रव तेल. कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी दिसतो असं अनेक अभ्यासांत आलंय, तेव्हा पीत असाल तर प्या, बिनसाखरेची. आवडत नसेल तर औषध म्हणून सुरू करायची गरज नाही.

वजन उतरत नाही, मग व्यायाम करून फायदा काय?

आहे. वजन एक किलोही न हलता व्यायामाने लिव्हरमधली चरबी कमी होते, कारण स्नायू साखर वापरायला लागतात आणि लिव्हरवर भार कमी पडतो. आठवड्याला १५० मिनिटं घाम येईल असं चालणं किंवा सायकल, आणि दोन दिवस वजनाचे व्यायाम. काट्यावर फरक दिसला नाही म्हणून सोडून देणारे खूप असतात, त्यांनी कंबर मोजावी.

डायबेटिसची कुठली गोळी लिव्हरला चांगली?

मेटफॉर्मिन शुगरसाठी उत्तम, पण लिव्हरमधली सूज किंवा फायब्रोसिस त्याने सुधारत नाही. म्हणून बंद करायचं असंही नाही. पायोग्लिटाझोनने सूज कमी होते, जुनं आणि स्वस्त औषध आहे, पण वजन वाढतं, पाणी साठतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात, हार्ट फेल्युअर असेल तर चालत नाही. एसजीएलटी२ गटाने चरबी थोडी कमी होते आणि हृदय, किडनी यांना फायदा. सध्या ज्याची हवा आहे ते सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन, त्याला अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२५ मध्ये मॅशसाठी मान्यता दिली, एफ२ आणि एफ३ फायब्रोसिस असलेल्यांसाठी. त्याआधी मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉमला मिळाली होती, ते डायबेटिसचं औषध नाही, थेट लिव्हरवर चालणारी गोळी आहे.

आपल्याला डायबेटिस आहेच, औषध लागणारच आहे, तर त्यातलं लिव्हरलाही उपयोगी पडेल असं कुठलं, हे डॉक्टरांना सरळ विचारावं. व्हिटॅमिन ई चा फायदा ज्या ट्रायलमध्ये दिसला त्यात डायबेटिसवाले घेतलेच नव्हते, तेव्हा शेजाऱ्याने सांगितलं म्हणून सुरू करू नका.

कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी बंद केली, लिव्हर खराब होईल म्हणून.

परत सुरू करायचं डॉक्टरांशी बोला, लवकर. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहे. फॅटी लिव्हर असलेली माणसं सगळ्यात जास्त कशाने जातात तर लिव्हरने नाही, हृदयविकाराने. डायबेटिस सोबत असेल तर हा धोका आणखी वर. म्हणजे लिव्हर वाचवायच्या नादात नेमकं जे औषध हवं तेच बंद केलंत असं होतं ते.

लिव्हर टॉनिक, डिटॉक्स ज्यूस, हर्बल कॅप्सूल?

पैसे वाचवा. लिव्हर धुवून निघत नाही. आणि यातल्या काही गोष्टींनी, ग्रीन टी चा अर्क किंवा हळदीच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल धरून, चांगल्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातली हळद वेगळी, तिच्याबद्दल बोलत नाहीये.

टाइप १ मध्ये पण होतं का?

वजन जास्त असेल तर होऊ शकतं. पण टाइप १ मध्ये शुगर खूप वरखाली होत असेल तर लिव्हर मोठं होऊन एन्झाइम वाढतात ते बरेचदा चरबीमुळे नसून ग्लायकोजेन साठल्यामुळे असतं. सोनोग्राफीत दोन्ही सारखंच दिसतं. शुगर नीट आटोक्यात आली की ते उतरतं.

सिरॉसिस निघालाय. आता शुगरचं काय वेगळं?

बरंच. गोदामच आकसल्यामुळे रात्री किंवा जेवण चुकलं की शुगर पटकन खाली जाऊ शकते, म्हणून जास्त वेळ उपाशी राहायचं नाही, झोपताना थोडं खायचं. एचबीए१सी वर फार विसंबू नका, लाल पेशी लवकर मरतात त्यामुळे तो खोटा कमी येतो, मीटरचे आकडेच बघा. औषधांचे डोस बदलतात, काही बंद करावी लागतात. दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी, कॅन्सर लवकर सापडावा म्हणून, ही चुकवायची नाही. आणि रक्ताची उलटी, काळी शी, पोटात पाणी, डोळे पिवळे, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोपेची वेळ उलटी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

परत तपासणी कधी करायची?

डायबेटिस असेल आणि फिब-४ १.३ च्या खाली असेल तर १ ते २ वर्षांनी परत काढा, नेहमीच्या रक्त तपासणीतच होऊन जातो. मधला असेल आणि फायब्रोस्कॅन ८ च्या खाली आला तरी साधारण तेवढंच. त्याच्या वर असेल तर लिव्हरचे डॉक्टर सांगतील तसं. सोनोग्राफी दर ३ महिन्यांनी करून ग्रेड उतरला का बघत बसण्यात अर्थ नाही. आणि जाताना दोन्ही फाइली न्या, शुगरची लिव्हरच्या डॉक्टरांकडे आणि लिव्हरची शुगरच्या डॉक्टरांकडे.